'लागलं तर असू दे': परदेशप्रवासाची तयारी आणि हलकी बॅग

बॅग जड करणारे शब्द दोनच, 'लागलं तर'. लागलं तर दुसरा स्वेटर, लागलं तर तिसरे बूट, लागलं तर औषधांचा अख्खा डबा. अशा प्रत्येक 'लागलं तर'मागे घरी बसून सुटू शकणारा एक प्रश्न असतो: त्या आठवड्यात तिथे थंडी किती असते, हा चार्जर तिथे चालेल का, हे औषध नेता येतं का. तो प्रश्न सुटला की वस्तू आपोआप गळते. म्हणून या लेखात बॅग उशिरा येते. आधी कागदपत्रं, मग औषधं आणि पैसे, आणि शेवटी कपडे. पहिल्यांदा जात असाल तर निदान दहा आठवडे आधी सुरुवात करा. व्हिसा काढायचा असेल तर त्याहूनही आधी.

कागदपत्रं

पासपोर्ट हातात घ्या आणि त्याची मुदत कधी संपते ते बघा. बरेच देश पासपोर्ट आणखी सहा महिने चालणारा असावा असं सांगतात. हे सहा महिने कुठे देशात शिरल्याच्या दिवसापासून मोजतात, कुठे बाहेर पडण्याच्या दिवसापासून. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे. तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. मुदतीला आठ-नऊ महिने उरले असतील तर हिशोब करत बसू नका, नवा काढा. कोरी पानंही मोजा. शिक्क्यासाठी निदान दोन पूर्ण कोरी पानं असलेली बरी.

पुढचं काम नावाचं. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. गडबड होते ती बहुधा आडनावात. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं नाव कुठल्या रकान्यात घालायचं हा घोळ, किंवा पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. यंत्र त्याच वाचतं, आणि प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात. तिकीट काढताना आडनाव कोणतं आणि नाव कोणतं हे त्या ओळीवरून ठरवा. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव असतं, मग दोन बाण, मग उरलेलं नाव. एखादं अक्षर चुकलं असेल तर विमान कंपनी ते बहुधा दुरुस्त करून देते, पण हे काम आठवडाभर आधी सोपं असतं आणि काउंटरवर फार अवघड.

नवे प्रवासी सगळ्यात जास्त अडकतात ते वाटेतल्या देशात. विमान बदलायचं आहे, विमानतळाबाहेर पडायचंच नाही, मग व्हिसा कशाला, असं वाटतं. पण काही देशांत नुसत्या वाटेतल्या थांब्यासाठीही व्हिसा लागतो. अमेरिकेत विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणून तिथून पुढे जाणाऱ्यालाही व्हिसा किंवा ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. दुसरा सापळा वेगवेगळ्या तिकिटांचा. स्वस्त पडतं म्हणून दोन टप्प्यांची दोन तिकिटं काढली की मधल्या विमानतळावर बहुधा सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. सामान उचलायचं म्हणजे त्या देशात शिरायचं, आणि शिरायचं म्हणजे व्हिसा. शिवाय पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पुढची सोय कंपनी करते.

ही तपासणी चेक-इन काउंटरवरच इतकी कडक का होते, तेही समजून घ्या. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर बऱ्याच देशांत कंपनीलाच दंड होतो, आणि त्याला परत आणण्याचं कामही तिच्याकडेच येतं. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. परतीचं किंवा पुढचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि विम्याची पॉलिसी कागदावर छापून वरच्या कप्प्यात ठेवा. शेंगेन व्हिसासाठी विमा किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय खर्च भरून देणारा हवा. विमा घेताना आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत का, एवढ्या दोन ओळी नक्की वाचा. मूल आई-वडलांपैकी एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र बरोबर ठेवा.

प्रतींचं म्हणाल तर तीन ठिकाणी ठेवा. एक कागदावर, पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत. एक फोनमध्ये, नेट नसतानाही उघडेल अशी. आणि एक ईमेलमध्ये. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार आणि मग आपल्या देशाचा दूतावास असा क्रम असतो. तिथे फोटो मागतात, म्हणून पासपोर्टच्या मापाचे दोन फोटो जवळ ठेवा. त्यांना वजन नसतंच म्हणा.

औषधं आणि लस

रोजची औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा पाच-सात दिवस जास्त पुरतील एवढी घ्या, आणि सगळी केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग उशिरा आली तर रक्तदाबाची गोळी तिच्यासाठी थांबत नाही. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या. सुट्या काढून डबीत भरल्या की त्या कसल्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात आणि परक्या देशातला औषधविक्रेता रासायनिक नावच ओळखतो.

आपल्याकडचं साधं औषध दुसरीकडे गुन्हा ठरू शकतं. नाक चोंदल्यावर घ्यायच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य असतं. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेता येत नाही. एकाग्रतेच्या आजारासाठी देतात ती अ‍ॅम्फेटामिनची औषधं तर तिथे चिठ्ठी असूनही चालत नाहीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी संयुक्त अरब अमिरातीत नेण्याआधी परवानगी लागते. झोपेच्या, वेदनेच्या आणि मानसिक आजाराच्या औषधांबाबत त्या देशाच्या आरोग्य खात्याची यादी महिनाभर आधी बघा, कारण परवानगीला वेळ लागतो.

आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तिचं प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात घेतली तर ती कागदोपत्री निरुपयोगी ठरते. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे ते प्रमाणपत्र ज्यात असतं ते जुनं पिवळं पुस्तक जपून ठेवा. एक बारकावा आहे: पीतज्वराच्या भागातल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तरी पुढचा देश ते मागू शकतो.

पैसे आणि फोन

दोन कार्डं घ्या, शक्यतो वेगवेगळ्या बँकांची, आणि ती कधीही एका पाकिटात ठेवू नका. परदेशातले व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा. हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात. तिथे क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे कित्येक दिवस अडकतात. कार्डाच्या यंत्रावर 'तुमच्या चलनात घ्यायचे की इथल्या?' असं विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडा. आपल्या चलनाचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर यंत्रवाला ठरवतो आणि तो महाग पडतो. रोख रक्कम जास्त असेल तर जाहीर करावी लागते. युरोपीय संघात ही मर्यादा १०,००० युरो, अमेरिकेत १०,००० डॉलर.

फोन कुठल्याही सिमवर चालतो ना, ते आधी बघा. परदेशी ई-सिम घेतलं तरी घरचं सिम काढून टाकू नका, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि एसएमएस चालू ठेवा. नकाशा, हॉटेलचा पत्ता आणि बोर्डिंग पास घरीच उतरवून घ्या. उतरल्यावर पहिला तासभर नेट मिळत नाही असं धरूनच चाला.

बॅगेचा हिशोब

आता बॅग. बऱ्याच कंपन्या केबिन बॅगेला ५५ × ४० × २० सेंटीमीटरच्या आसपासचं माप आणि ७ किलोच्या आसपासचं वजन देतात, पण कंपनीगणिक फरक असतो. प्रवासात दोन कंपन्या असतील तर जिचा नियम कडक तोच धरा. मापात चाकं आणि मूठ धरलेली असतात. दुकानात बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरचं माप पुष्कळदा त्यांच्याशिवायचं असतं, म्हणून घरी टेप लावून बघा.

७ किलोचा हिशोब एकदा कागदावर मांडा. चाकांची रिकामी बॅग अडीच किलोची असते. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर दोन किलो. उरले अडीच किलो, त्यात कपडे, औषधं, बूट सगळं. त्याच मापाची साधी पाठपिशवी एक किलोची मिळते. म्हणजे नुसती बॅग बदलली की दीड किलो सुटतो, सात-आठ टी-शर्टांएवढा. पाठ दुखत नसेल तर ३५ ते ४० लिटरची, सुटकेससारखी पूर्ण उघडणारी पाठपिशवी पहिल्या प्रवासाला सगळ्यात चांगली. पायऱ्या, दगडी रस्ते आणि गर्दीच्या गाड्या यांत चाकांचा उपयोग होत नाही. पाठीचा त्रास असेल तर मात्र चाकंच घ्या, आणि दीड किलो कपड्यांतून कमी करा.

मोठी बॅग चेक-इन करणार असाल तर एका नगाला साधारण २३ किलोची मर्यादा असते आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटर. ३२ किलोच्या वरचा नग जादा पैसे देऊनही सहसा घेत नाहीत, कारण तो उचलायचा माणसाने असतो.

कपडे: एक आठवड्याचे, मग कितीही दिवस

आठवड्याला लागतात तेवढेच कपडे महिनाभरालाही पुरतात. फरक फक्त धुण्याचा. अंगावरच्यासकट एवढे घ्या:

वरचे कपडे ४ ते ५
पँट किंवा तत्सम २
आतले कपडे ५ ते ६ जोड
मोजे ४ जोड
झोपायचा एक जोड
स्वेटर किंवा फ्लीस १
पाऊस आणि वारा अडवणारं पातळ जाकीट १
बूट अंगावर एक जोड, शिवाय एक हलकी चप्पल

रंग असे निवडा की कुठलाही वरचा कपडा कुठल्याही खालच्यावर चालेल. एकाच पँटवर जाणारा सदरा घरी ठेवा. थंडीला एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम शोषणारा, मध्ये ऊब धरणारा, वर वारा अडवणारा. उकडलं तर एक काढता येतो, आणि तिन्ही मिळून सहसा जाड कोटापेक्षा कमी जागा घेतात. हवामान बघताना सरासरी तापमानावर जाऊ नका. रात्रीचं किमान बघा, आणि तुम्ही रात्री बाहेर असणार आहात का तेही ठरवा.

कापड महत्त्वाचं आहे. सुती कपडा अंगाला सुखद असतो, पण दमट हवेत रात्रभरात वाळत नाही. पॉलिस्टर चटकन वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. मेरिनो लोकर महाग असते, पण दोन-तीन दिवस घालूनही वास येत नाही. जीन्स ६००-८०० ग्रॅमची असते आणि वाळायला दीड दिवस घेते. न्यायचीच असेल तर विमानात अंगावर घाला, आणि जड बूट व जाकीटही अंगावरच.

खोलीत कपडे धुण्याची एक रीत आहे, ती जमली की निम्मी बॅग कमी होते. बेसिनमध्ये कोमट पाणी घ्या, त्यात चमचाभर शाम्पू घाला, कपडा दहा मिनिटं भिजू द्या, काखा आणि कॉलर चोळा आणि दोन पाण्यांतून काढा. हलकेच दाबून पाणी काढा. आता खरी युक्ती: कोरडा टॉवेल पलंगावर पसरा, त्यावर कपडा सपाट ठेवा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भार द्या. टॉवेल ओला होतो आणि कपडा नुसता दमट राहतो. मग तो उलटा करून हँगरवर, भिंतीपासून लांब, पंख्याच्या किंवा एसीच्या वाऱ्यात टांगा. पातळ कपडा सकाळपर्यंत वाळतो. दिव्यावर किंवा हीटरवर कधी टाकू नका, आग लागू शकते. धुणं नेहमी मुक्कामाच्या पहिल्या रात्री काढा. शेवटच्या रात्री धुतलं तर ओला कपडा बॅगेत जातो आणि सगळ्यांना वास लावतो.

द्रव पदार्थ

केबिनमध्ये द्रवाची बाटली १०० मिलीलिटरपर्यंतची हवी, आणि सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. हा नियम २००६ मध्ये आला, द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघडकीस आल्यावर. मोजली जाते ती बाटली. २०० मिलीची ट्यूब तळाला गेलेली असली तरी काढून घेतात. टूथपेस्ट, जेल, क्रीम, पसरायचे खाद्यपदार्थ हे सगळं द्रवच. औषधं आणि बाळाचं दूध यांना सूट असते, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे, तरी परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर जुनाच असू शकतो. सगळ्यात सोपं म्हणजे द्रव टाळणं: अंगाच्या साबणाची वडी, शाम्पूची वडी, घनरूप डिओडरंट.

विजेच्या वस्तू

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती नेहमी केबिनमध्येच. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमधले लोक ती लगेच बघतात आणि विझवतात. खाली सामानाच्या कप्प्यात कोणीच नसतं. मर्यादा वॅट-अवरमध्ये असते: १०० पर्यंत परवानगीशिवाय, १०० ते १६० कंपनीच्या परवानगीने आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर बंदी. आकडा असा काढा: पॉवर बँकेवर छापलेल्या क्षमतेच्या आकड्याला (एमएएच) ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएचची बँक ७४ वॅट-अवरची, २७,००० ची ९९.९, आणि ३०,००० ची १११, म्हणजे तिला परवानगी हवी. बँकेवरचे छापील आकडे पुसले असतील तर ती तपासणीत काढून घेऊ शकतात. २०२५ पासून काही कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायला आणि वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली आहे. ती सीटजवळच, हाताशी ठेवा.

चार्जरवर बारीक अक्षरांत 'इनपुट' लिहिलेलं असतं. तिथे १००–२४० व्होल्ट असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. अ‍ॅडॉप्टर आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. गोंधळ होतो केस वाळवायच्या यंत्रात. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. १२० चं यंत्र २३० वर लावलं तर जळतं, आणि २३० चं यंत्र १२० वर जेमतेम पाव ताकदीने चालतं. ते घरीच ठेवा. एक अ‍ॅडॉप्टर आणि तीन-चार यूएसबी तोंडांचा एक चार्जर एवढ्यात सगळ्या वस्तू भागतात.

भरणं आणि चाचणी

निघण्याच्या तीन दिवस आधी सगळं पलंगावर मांडा. प्रत्येक वस्तूला विचारा: ही कुठल्या दिवशी, कुठे वापरणार? ज्या वस्तूचं उत्तर 'लागलं तर' असेल ती बाजूला काढा. ती तिथे विकत मिळत असेल तर न्यायचीच नाही. अपवाद तीनच: औषधं, चष्म्याचा दुसरा जोड, आणि तुमच्या मापाचे बूट.

टी-शर्ट गुंडाळा, इस्त्रीचे कपडे घडी घालून वर ठेवा, मोजे बुटांच्या आत. चाकांच्या बॅगेत जड वस्तू चाकांकडे, पाठपिशवीत पाठीला लागून खांद्यांच्या उंचीवर. हवा काढून घट्ट करायच्या पिशव्या जपून वापरा. त्या जागा कमी करतात, वजन नाही, आणि झालेली जागा पाहून माणूस आणखी भरतो. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. किलोभर जागा परतीसाठी सोडा. भरलेली बॅग घेऊन दोन मजले चढा-उतरा आणि वीस मिनिटं चाला. ती डोक्यावर उचलून कपाटावर ठेवता येते का तेही बघा, विमानात तेच करायचं आहे.

निघायच्या रात्री

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख हा जुना सापळा आहे. १४ तारखेचं ००.३० चं विमान म्हणजे १३ च्या रात्री घरातून निघायचं. दरवर्षी कित्येक लोक १४ च्या रात्री विमानतळावर पोचतात. हॉटेलची आणि व्हिसाची तारीखही उतरण्याच्या दिवसाशी ताडून बघा. ०५/०६ हे कुठे ५ जून असतं, कुठे ६ मे, म्हणून महिना अक्षरात लिहिलेली नोंद ठेवा.

बॅगेवरचे जुने स्टिकर काढून टाका, नाहीतर यंत्र चुकीचा वाचतं. नाव आणि फोन नंबर बाहेर एक आणि आत एक असा ठेवा. भरलेल्या बॅगेचा फोटो काढा, आतला आणि बाहेरचाही. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं.

केबिन बॅगेच्या तोंडाशी एक छोटी पिशवी ठेवा: पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक, फोनचा चार्जर, चष्मा. विमान भरलं की दारापाशी तुमची बॅग खाली सामानात टाकायला मागू शकतात, आणि मागे रांग उभी असते. तेव्हा ही पिशवी एका हाताने बाहेर काढायची आणि बॅग द्यायची. पॉवर बँक आत राहिली तर विमानाच्या दारात बॅग उघडावी लागते.

बॅग चेक-इन केली असेल तर बोर्डिंग पासाला लावलेला सामानाचा स्टिकर बॅग परत मिळेपर्यंत जपा. पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधीच सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार जिथे लागू आहे तिथे फुटलेल्या बॅगेची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या आणि साबणाच्या पावत्या ठेवा, आणि बॅगेतल्या वस्तूंची यादी आधी काढलेल्या फोटोवरून लिहून काढा.